अंगावर घातलेलं नाटक

माझ्या मावसांएवढा हट्टी माणूस जालना जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत दुसरा झाला नाही, आणि ज्यांना वाटतं झालाय, त्यांनी तो माझ्यासमोर आणून उभा करावा. मावसा मंठ्याचे टेलर. हे मीच आधी सांगते, कारण त्यांनी स्वतः कधी सांगितलं नसतं. "काय करता?" असं कुणी विचारलं की ते मान ताठ करून म्हणायचे, "नाटक." विचारणारा त्यांच्या गळ्यातल्या टेपकडं, समोरच्या पायमशीनकडं, कानामागच्या खडूकडं बघत राहायचा. मग मोठ्या नाइलाजानं पुढचं यायचं, "आन् फावल्या वेळात कपडे शिवतो." हा फावला वेळ पंचेचाळीस वर्षं चालला. घर त्याच्यावर चाललं, मी त्याच्यावर शिकले. नाटक मात्र उभ्या आयुष्यात सहा वेळा झालं, आणि तेही एकच.

मी त्यांच्याकडं कशी आले ते सांगते. माझे वडील धान्याच्या मोंढ्यात हमाल. आम्ही चार भावंडं. आमच्या घरात कपडा वरून खाली उतरायचा. आईच्या लुगड्याचा माझा परकर व्हायचा, परकराचं धाकट्याचं झबलं, झबल्याचं चुलीपुढचं फडकं. फडकं जळालं की त्या कपड्याचं आयुष्य संपलं. बारावीला मी आमच्या शाळेत पहिली आले तेव्हा वडील म्हणाले, "शिकली तेवढी बास." सगळ्यांना वाटलं, त्यांना पोरीला शिकवायचं नाही. तसं नव्हतं. शाळेला युनिफॉर्म असतो, एकाच ड्रेसवर वर्ष काढता येतं, संध्याकाळी धुवायचा, सकाळी घालायचा. कॉलेजात रोजचा कपडा दिसतो. हे वडील बोलले नाहीत, आणि मला कळलंय हे मीही त्यांना कळू दिलं नाही. मावसा पेढे घ्यायला म्हणून आले होते. त्यांनी वडिलांकडं बघितलं, दोरीवर वाळणाऱ्या माझ्या एकुलत्या एक ड्रेसकडं बघितलं आणि म्हणाले, "पोरीला माझ्याकडं मंठ्याला धाडा. कॉलेजचं ती पाहीन, कपड्याचं मी पाहतो. बिलकुल फिकीर करू नका."

त्यांच्या दुकानामागच्या खोलीत एक लांबरुंद पत्र्याची पेटी होती. त्या पेटीत नाटक होतं. म्हणजे नाटकाचे कपडे होते. त्यांच्या तरुणपणी मंडळींनी गावच्या जत्रेत एक संगीत नाटक केलं होतं, एका गाजलेल्या हिंदी सिनेमावरून उचललेलं, आणि त्याचा शर्ट न् शर्ट मावसांनी शिवला होता. ती पेटी ते पुढच्या प्रयोगासाठी राखून होते. पुढचा प्रयोग कधीही लागू शकतो, असा त्यांचा ठाम समज. मी राहायला आले त्या दिवशी त्यांनी पेटी उघडली, डांबरगोळ्यांचा भपका आला, आणि मावशी दारातनं म्हणाली, "आवं, त्या पेटीला हात लावणार तुम्ही?" मावसा म्हणाले, "लावून राह्यलो. गप ऱ्हाय."

नाटकाचा मरून मखमली पडदा पहिला गेला. त्याचा माझा पहिला कमीज झाला. मग नायिकेची साटीनची साडी गेली, तिच्या दोन ओढण्या न् एक ड्रेस झाला. ही नायिका म्हणजे आमचे पोस्टमन. त्या काळी बाईचं काम करायला बाई कुठून येणार? पोस्टमनचा खांदा अठरा इंच, त्यामुळे त्यांच्या झंपरावरनं कापलेले माझे दोन कमीज मावसांनी तीन-तीन वेळा उसवले तरी खांद्यावरनं ओघळतच राहिले. खलनायकाच्या कोटाचं जाकीट झालं. इन्स्पेक्टरच्या खाकीची दप्तराची पिशवी झाली. वर्गातल्या मुली मला "पडदा" म्हणायच्या. "पडदा आला गं, आता घंटा व्हईन." मी घरी येऊन मावसांवर चिडायची. ते तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणायचे, "म्हणू दे. त्यांचे कपडे दुकानातून आल्ते. तुझे ष्टेजवरून आल्ते." तीन वर्षांत मी आख्खं नाटक अंगावर घालून बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. पदवी घ्यायला गेले तेव्हा पेटीत फक्त डांबरगोळ्या उरल्या होत्या.

आता त्या नाटकाचं. तेव्हा गावात तंबूचं टॉकीज यायचं. मावसा आणि मंडळी सिनेमा बघायला जायची ती काम वाटून घेऊन. एकानं फक्त डायलॉग ध्यानात ठेवायचे, एकानं फक्त गाण्यांच्या चाली, पोस्टमननं बायांचं उठणं-बसणं, आणि मावसांनी कपडे. तीन दिवस तीन खेळ बघून सगळ्यांचं एकत्र करायचं की नाटक तयार. गोष्ट साधी होती. एक ट्रक ड्रायव्हर, त्याचं घरदार लुटणारा एक ठेकेदार, आणि सूड. पण तिन्ही दिवस शेवटची रीळ आलीच नाही. ती दुसऱ्या गावच्या तंबूत अडकली होती. मशीनवाला बाहेर येऊन ओरडायचा, "हिरो वाचतो, ठेकेदार मरतो, जल्दी घरी जा." बाकीची माणसं घरी गेली. मावसांना ते पटलं नाही. "मरतो म्हंजे कसा मरतो? अंगावर काय असतं? हा तर नुसता निरोप झाला, शेवट कुठं झाला?" आणि मग त्यांनी तो शेवट स्वतःच्या अंदाजानं शिवला. बाही नसलेला शर्ट गिऱ्हाइकाला कसा देणार?

मावसांच्या शेवटात ठेकेदार मरत नाही. तो म्हातारा होतो, आंधळा होतो, जालन्याच्या स्टँडवर गावी जायला गाडी शोधत बसतो. ड्रायव्हर त्याला ओळखतो. चहा पाजतो. ट्रकमध्ये बसवतो. आणि मग गाणं सुरू होतं. त्यात रस्त्यावरची गावं ओळीनं येतात, रामनगर, वाटूर फाटा, मंठा, आणि दर कडव्याला आंधळा विचारतो, "माझं गाव आलं का?" ड्रायव्हर म्हणतो, "अजून लांब हाय." शेवटी त्याला त्याच्या दारात उतरवतो. म्हातारा विचारतो, "देवमाणसा, नाव काय तुझं?" ड्रायव्हर म्हणतो, "ड्रायव्हरला नाव नस्तं." बास. पडदा. ट्रक म्हणजे मावसांची पायमशीन. ती आडवी ठेवून मावसाच तिच्यामागं बसायचे. हातातलं चाक म्हणजे स्टेअरिंग आणि पायाखालचा पाटा हाणला की इंजिनाचा आवाज. चढ आला की पाय जड, उतार आला की हलका. वाटूर फाट्याला गाडी थांबली की लोक खरंच उतरायला बघायचे, असं मावशी सांगते. मावशी मावसांबद्दल चांगलं सहसा सांगत नाही, म्हणून मी विश्वास ठेवला.

पुढं बऱ्याच वर्षांनी तो सिनेमा टीव्हीवर लागला. आख्खी गल्ली मावशीच्या घरात. शेवटाला हिरोनं ठेकेदाराला तीन गोळ्या घातल्या. मग मावशी म्हणाली, "ह्ये काय खोटंच दाखवून राह्यले!" शेजारच्या आजी म्हणाल्या, "कापला आसंन त्यांनी. टीव्हीवाले सगळं कापतेत." मावसा दुसऱ्या दिवशी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "हिरोचा कोट पाह्यला का? खांदा बराबर न्हाई."

दर वर्षी जत्रा जवळ आली की मावसांचं सुरू व्हायचं, "औंदा पुन्हा लावायचं." पंचायतीत जायचे, शाळेत जायचे, लग्नाच्या मांडवात नवरदेवाचं माप घेताना त्याला ठेकेदाराचं काम करतो का विचारायचे. लोक हसायचे. सगळ्यांत जास्त मी हसायचे. कारण एव्हाना मी एम.ए. करत होते, मराठी घेऊन. मला अस्सल काय, उसनं काय, ते कळायला लागलं होतं. म्हणजे तसं मला वाटायला लागलं होतं. एकदा मी त्यांना म्हणाले, "मावसा, ती सिनेमाची नक्कल आहे. नकलेला कशाला परत जिवंत करायचं?" ते काजं करत होते. म्हणाले, "जुन्या पँटीची पिशवी शिवली तर ती पँटीची नक्कल का?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं? पिशवीत भाजी येती. पँटीत भाजी आणून दाखव मंग."

मी म्हणाले, "तुम्हाला साहित्यातलं कळत नाही." हे वाक्य मी त्यांच्या दुकानात, त्यांच्या खलनायकाच्या कोटाचं जाकीट घालून म्हणाले. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. आज रोज येतं.

मला बदनापूरच्या एका कॉलेजात नोकरी लागली. मावसा सगळ्यांना सांगायचे, "आमची मॅडम." मग जिल्ह्यातल्या नाट्यप्रेमी मंडळींनी एक समिती केली. जुनी, बंद पडलेली गावोगावची नाटकं शोधायची, त्यातल्या तीन नाटकांना पुन्हा उभं राहायला मदत करायची. समितीवर मराठीची प्राध्यापक म्हणून मला घेतलं. मला अभिमान वाटला, का वाटू नये? हमालाची पोरगी समितीवर. अर्जांचा गठ्ठा माझ्याकडं आला. वरून तिसरा अर्ज मावसांचा. नाव वाचायच्या आधीच ओळखला. कापडावर खडूनं रेघ ओढावी तसं अक्षर. पहिल्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं, 'कपडे नव्याने शिवावे लागतील. जुने कामी आले.'

खरं सांगते, मला लाज वाटली. नाटकाची नव्हे. समितीतल्या त्या गुळगुळीत बोलणाऱ्या माणसांना कळेल की ही मॅडम एका टेलरची भाची, आणि तो टेलर सिनेमाची नाटकं करतो, याची. आणि शिफारस केली तर म्हणतील, घरचं माणूस म्हणून केली. दोन्ही बाजूंनी माझीच मान खाली. तेव्हा मी एकाच अर्जाला नाही म्हणायचं सोडून तसल्या नाटकांच्या सगळ्या जातीलाच नाही म्हटलं. अभिप्रायात लिहिलं, 'लोकप्रिय चित्रपटांवरून बेतलेल्या संगीत नाटकांना स्वतःचे असे काही सांगायचे नसते. मूळ चित्रपट उपलब्ध असताना त्यांच्या पुनरुज्जीवनाचे प्रयोजन उरत नाही.' वाक्य सगळ्यांना फार आवडलं. अध्यक्षांनी दोनदा वाचलं. नकाराची पत्रं त्याच वाक्यानं गेली, आणि खाली सही माझी, कारण वाक्य माझं होतं.

पंधरा दिवसांनी मावसा बदनापूरला आले. इस्त्रीचा सदरा, खिशात पत्र. शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं होतं, बारीक अक्षर तेव्हा त्यांना दिसेनासं झालं होतं. पाणी प्यायले, पत्र उलगडून माझ्यापुढं धरलं. "मॅडम, ही सही तुमचीच ना?"

"हो."

"शिलाई चांगली हाय. एक टाका वाकडा न्हाई." पत्राची घडी घातली, पुन्हा खिशात ठेवली. मी चहा केला. चहा होईपर्यंत ते माझ्याकडं बघत होते. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "झंपर कुणी शिवलं? उजवा खांदा उतरून राह्यला." चहा प्यायले आणि दुपारच्या गाडीनं गेले. पेटीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मला भांडता आलं असतं.

त्यानंतर मावसांनी नाटकाचं नाव काढलं नाही. जत्रा आली, गेली. कुणी विचारलं, "काय करता?" तर म्हणायचे, "टेलर." मावशीचा फोन यायचा, "बाई, हे लई शाण्यासारखे वागून राह्यले, मला भ्या वाटतं." मी म्हणायची, वय झालं, शांत झाले असतील. शहाण्या माणसाला सोयीचं उत्तर लगेच सुचतं. मग एका सकाळी काज करता करता त्यांची उजवी बाजू गेली. हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं. राहिला एक हुंकार, आणि तो कशाला होकार आणि कशाला नकार, हे फक्त मावशीला कळतं.

दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसले होते. शेजारच्या खाटेवरचा एक म्हातारा मावशीला म्हणाला, "ह्ये ड्रायव्हर का? आंधळ्याला गावी सोडणारे?" त्यानं ते नाटक एकदाच पाहिलं होतं, चाळीस वर्षांपूर्वी. सिनेमा? सिनेमाही पाहिला होता, तो म्हणाला, पण त्यातलं आता काही आठवत नाही. मला ते ऐकवेना. मी उठून बाहेर व्हरांड्यात उभी राहिले, उगाच.

मग मी समितीकडं अर्ज केला. आता मी समितीवर नव्हते, मुदत संपली होती. चार पानं लिहिली. लिहिलं की हा शेवट सिनेमात नाही, कुठल्याच सिनेमात नाही, तो मंठ्यात झालाय. लिहिलं की नाटक करणारा माणूस अजून आहे पण फार दिवस नसेल. महिन्यानं उत्तर आलं. 'आपणच दिलेल्या अभिप्रायानुसार, लोकप्रिय चित्रपटांवरून बेतलेल्या संगीत नाटकांना स्वतःचे असे काही सांगायचे नसते...' पूर्ण वाक्य. अवतरण चिन्हांत. एक टाका वाकडा नाही.

लोक मला विचारतात, तर सरळ सांगते. सिनेमावरून केलेल्या नाटकांपैकी बहुतेक पुन्हा करण्याच्या लायकीची नसतात. मी हे आजही म्हणते. मावसांच्या नाटकाचे पहिले दोन अंकसुद्धा नसतील. तेच डायलॉग, तीच गाणी, वर हार्मोनियम बेसूर. पण कोणतं नाटक परत करायचं हे ते कुठून उचललं यावरनं ठरवता येत नाही, उचलल्यावर त्यात काय घातलं यावरनं ठरतं, आणि त्यासाठी आधी ते वाचावं लागतं. मी मावसांचा अर्ज शेवटपर्यंत वाचलाच नव्हता. अक्षर ओळखलं आणि पहिल्या पानावरच थांबले होते. दुसऱ्या पानावर सगळा शेवट लिहिलेला होता, गाण्यासकट. घरात तुकड्यातुकड्यानं ऐकलेला तो शेवट असा आख्खा लिहून दिलाय, हे समितीच्या कपाटातनं तो अर्ज परत मागून आणला तेव्हा मला कळलं.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मला अर्धा तास मिळाला. दुपारी अडीचचा, जेवणं झाल्यावरचा, जो कुणालाच नको असतो तो. माझ्या वर्गातल्या दोघांना ड्रायव्हर आणि आंधळा केलं. गाण्याच्या चालीसाठी मंठ्याला गेले. पोस्टमन आता पंचाहत्तरीचे, त्यांनी ती माझ्या फोनमध्ये रेकॉर्ड करून दिली. पण नायिकेच्या नाजूक आवाजात, कारण दुसरा आवाज या नाटकाला लावायचा त्यांना जमेना. मावसांना आणि पायमशीनला एकाच गाडीत घालून आणलं. येताना रस्त्यात गाणं उलटं लागलं, आधी मंठा, मग वाटूर फाटा, मग रामनगर. मावसा खिडकीतून बघत होते. बघत होते म्हणायचं, दिसत फारसं नव्हतं.

मशीन स्टेजवर आडवी ठेवली. मावसांना तिच्यामागं खुर्चीवर बसवलं, चाक ड्रायव्हर झालेल्या पोराच्या हातात. मशीनच्या अंगावर टाकायला काही हवं होतं, ट्रकचा दर्शनी भाग म्हणून. मी माझा मरून कमीज घरून आणला होता. आदल्या दिवशी तो बाजूनं उसवून ठेवला होता, आता उघडा करून मशीनवर टाकला. मावसांनी डाव्या हातानं तो चाचपला. मखमलीवर शिवणीच्या भोकांची रांग असते, ती उसवली तरी जात नाही. त्यांचं बोट त्या रांगेवरनं वर गेलं, खांद्यापर्यंत, आणि खांद्यावर थांबलं. त्यांनी हुंकार दिला. मी मावशीकडं बघितलं. मावशी म्हणाली, "खांदा उतरलाय म्हणून राह्यले."

मग त्यांचा डावा पाय पाट्यावर गेला आणि ट्रक सुरू झाला. रामनगरला हलका, वाटूरच्या चढाला जड. समोर साठ-सत्तर पोरं, निम्मी मोबाईलमध्ये. "माझं गाव आलं का?" आंधळ्यानं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मागनं कुणीतरी म्हणालं, "नको येऊ दे रे अजून." शेवटी दार आलं, म्हातारा उतरला, त्यानं नाव विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "ड्रायव्हरला नाव नस्तं." इथं पडदा पडायला हवा होता, पण पडद्याचा तर कमीज झालेला. आणि पाय थांबला नाही. दोघं पोरं गोंधळून उभी, नाटक संपलेलं, आणि रिकामा ट्रक चालतच राहिला, सावकाश, परतीच्या रस्त्याला लागल्यासारखा. मंठ्यापर्यंत पोचला असेल तेवढ्या वेळानं थांबला. मग टाळ्या झाल्या. मावशीनं मावसांच्या तोंडावरचा घाम पदरानं पुसला.

समितीच्या मदतीशिवाय, समितीच्या परवानगीशिवाय झालं. सगळं नाटक नाही, फक्त शेवट. पण मावसांनी शिवलेला तेवढाच होता. त्यांचं नाटक उभ्या आयुष्यात सहा वेळा झालं, असं मी वर लिहिलंय. ते चुकलं. सात वेळा झालं.